चिकू न खाणाऱ्या सावेबाई

सावेबाई गेल्याला वर्ष होत आलं, आणि शाळेने त्यांच्या नावाने स्मरणिका काढायचं ठरवलं आहे. मला निरोप आला, की राऊत सर, तुम्ही त्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं काढलीत, तर दोन पानं लिहून द्या. सोबत मोबाइलवर नमुनाही आला. 'बाई म्हणजे वात्सल्यमूर्ती. बाई म्हणजे मायेची सावली. आपल्या मृदू वाणीने त्यांनी विद्यार्थ्यांच्या मनात वाचनाची ज्योत...' इथपर्यंत वाचलं आणि फोन उपडा ठेवला. मृदू वाणी म्हणे! अहो, बाईंचा आवाज पलीकडच्या पाड्यापर्यंत जायचा, आणि त्यातलं निम्मं बोलणं त्या 'शी' या एका शब्दात उरकायच्या.

मी गणिताचा माणूस. राहणारा वाणगावचा. तलासरी तालुक्यात झरीच्या पुढे, आतल्या बाजूला असलेल्या एका शाळेत मी जन्मभर वर्तुळं आणि त्रिकोण शिकवले. मला लिहिता येत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. पण त्या नमुन्याने डोकं असं फिरलं, की म्हटलं, स्मरणिकेत छापा नाहीतर चुलीत घाला, बाई होत्या तशा एकदा कागदावर उतरवतोच.

तर ती 'शी'. तिचे प्रकार होते. फळा न पुसता वर्ग सोडणाऱ्या शिक्षकाला छोटी, तुटक शी. मुलाच्या दप्तरात गाईड सापडलं तर नाक वर चढवून, लांबवलेली शी. आणि तिसरी अगदी हळू, तोंड दुसरीकडे फिरवून म्हटलेली. ही तिसरी फार थोड्यांच्या वाट्याला आली, पण ज्याच्या आली त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आमच्या हेडसरांना ती दोनदा मिळाली होती. मला शाळेतल्या सगळ्या वर्षांत एकदाही नव्हती, आणि त्याचा मला मनातून गर्व होता.

बाई बोर्डीच्या. माहेर चिकूच्या वाडीतलं, सासर चिकूच्या वाडीतलं, आणि त्या चिकू तोंडात घालत नसत. बोर्डीत राहून चिकूला नावं ठेवायची म्हणजे देवळात बसून देवाला शिव्या देण्यातला प्रकार. नवी सून म्हणून आल्या तेव्हा सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलेला पहिला चिकू दिला, आणि यांनी तो नम्रपणे परत केला. सासरे महिनाभर बोलले नाहीत. मी एकदा विचारलं, बाई, एवढं काय वाकडं आहे तुमचं? तर म्हणाल्या, "तोंडात घातल्यापासून गिळेपर्यंत एकच चव. गोड, मग गोड, मग परत गोड. मधे कुठे दात शिवशिवत नाही, घशाला काही लागत नाही. शी." त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि मीठ लावलेली चिंच. चिंच त्या पुस्तक वाचताना चघळायच्या, आणि मग पुस्तकांच्या कडांना तपकिरी बोटं उमटायची.

पुस्तकांनाही हेच माप. वाचून झालेलं पुस्तक टेबलावर टाकायच्या आणि म्हणायच्या, "चिकू आहे." विषय संपला. मग त्या पुस्तकाला कुठे बक्षीस मिळालेलं असो, त्याच्यावर कुणी सभा घेतलेली असो. आणि ज्या पुस्तकाबद्दल काहीच बोलायच्या नाहीत, नुसत्या खिडकीतून बाहेर बघत बसायच्या, ते पुस्तक चांगलं आहे असं आम्ही समजायचं.

एकदा मुंबईहून कुठल्याशा मंडळाचा टेम्पो आला. आदिवासी मुलांसाठी पुस्तकं. सोबत दोन गाड्या भरून माणसं, टोप्या, एकसारखे टीशर्ट, बॅनर. पोरांना उन्हात रांगेत बसवलं. खोकी उघडली, आणि आतून काय निघालं? जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं, तीही सोडवलेली. कॉम्प्युटरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं. कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम. अर्ध्या लिहिलेल्या डायऱ्या. एका खोक्याच्या तळाशी झुरळांची अंडी होती आणि दोन पुस्तकं भिजून एकमेकांना चिकटलेली होती, त्यांना उंदराच्या मुताचा वास येत होता. एक बाई त्यातलंच एक पुस्तक पाचवीतल्या पोरीच्या हातात देऊन फोटोसाठी हसत होत्या, आणि पोरगी श्वास रोखून उभी होती.

हेडसर माझ्या कानात म्हणाले, जाऊ द्या, धर्माची गाय, तिचे दात काय मोजायचे. सावेबाईंनी ऐकलं. त्या पुढे झाल्या, पोरीच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, नळावर तिचे हात साबणाने धुतले, आणि पाहुण्यांना सांगितलं की टेम्पो अजून उभा आहे तोवर खोकी परत भरा. पाहुणे गोंधळले. त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, मॅडम, मुलांना काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. बाई म्हणाल्या, "तुमच्या घरात जे टाकायलाही लाज वाटली, ते इथे टाकायला आलात. आमच्याकडे उकिरडा आहे, तो शेजारच्या पाड्यालाही पुरतो." खोकी परत गेली. बॅनर मात्र कुंपणाला लटकत राहिला, आणि वर्षभर त्यावर आमच्या स्वयंपाकिणीने मिरच्या वाळवल्या.

बाईंचा खरा राग होता तो 'बोधा'वर. धड्याखाली प्रश्न असायचा, या गोष्टीतून आपल्याला काय बोध मिळतो? तो प्रश्न त्या पोरांना पेनाने खोडायला लावायच्या. सरकारी पुस्तकात! साहेब तपासणीला आले, त्यांनी वर्गात गोष्ट विचारली, मुलाने ती छान सांगितली, अगदी हातवारे करून. साहेबांनी विचारलं, शाब्बास, मग बोध काय? पोरगा म्हणाला, "बोध नाय साहेब. गोष्टच हाय." साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'विद्यार्थ्यांना आशयाचे आकलन नाही.' बाईंनी तो शेरा वाचला आणि लांबवलेली शी केली. साहेब अजून पायऱ्याही उतरले नव्हते.

मी स्वतः वाचणारा नव्हे. पेपर वाचतो, पंचांग वाचतो. डबा खाताना एकदा मी बाईंना छेडलं, की तुम्ही ज्याच्यावर एवढा जीव टाकता ते सगळं कुणीतरी खुर्चीत बसून रचलेलं, घडलेलं काहीच नाही. मग खोट्यासाठी डोळे कशाला फोडायचे? मला वाटलं, आता मिळणार शी. पण बाई जेवायच्या थांबल्या. म्हणाल्या, "तुमचा तो क्ष, सर. बाजारात भेटलाय कधी? तरी त्याला धरून उत्तर बरोबर काढता ना? मधल्या पायऱ्या चुकवल्या तर मात्र सगळं वाया. तसंच आहे हे." गणित माझ्याच अंगावर उलटेल असं वाटलं नव्हतं.

आता जे सांगायचं आहे त्याच्यासाठी हा सगळा पसारा मांडला.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास बाईंचा, आणि त्यात अभ्यास नाही. पाचवी ते सातवीची पोरं एका खोलीत कोंबून बसायची आणि बाई पुस्तकातून गोष्ट वाचून दाखवायच्या. ही पोरं घरी वारली बोलणारी. बाजारात गुजरातीही समजणारी. पुस्तकातली मराठी त्यांना ऐकून कळायची, पण पाचवीतल्या निम्म्यांना स्वतःला ओळ धड वाचता यायची नाही. म्हणजे पुस्तकात काय आहे हे कळायला बाईंच्या तोंडाशिवाय दुसरी वाट नव्हती. हे नीट लक्षात ठेवा.

पाचवीत शेवंती नावाची मुलगी होती. बाप खलाशी, वर्षातले आठ महिने गुजरातच्या बोटीवर. घरात ही आणि आई, दोघीच. मुलगी शाळेच्या वसतिगृहात राहायची आणि सुट्टीला घरी जायची. त्या पावसाळ्यानंतर तिची आई आजारी पडली, डहाणूला दवाखान्यात ठेवली होती. दुखणं साधं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. शेवंतीला कळलं नव्हतं.

त्या शनिवारी बाईंनी एका जुन्या कथासंग्रहातली गोष्ट घेतली. खाडीपलीकडे राहणारा एक मुलगा, त्याची आई तापाने फणफणलेली. मुलगा होडीने औषध आणायला जातो, भरतीत अडकतो, परत येतो तोवर आई गेलेली असते. शेजारपाजारचे येतात, जातात. मग एक दिवस तो एकटा चूल पेटवतो, भात घालतो, नेहमीसारख्या दोन थाळ्या काढतो, आणि मग एक परत फळीवर ठेवतो. एवढीच गोष्ट. बाईंना ती फार प्रिय होती, हे मला त्यांच्या खिडकीबाहेर बघण्यावरून माहीत होतं. पण त्या दिवशी ती निवडताना शेवंती त्यांच्या लक्षातच आली नाही. बोधावर आगपाखड करणाऱ्या बाईंनी समोर कोण बसलंय ते पाहिलं नाही.

होडी भरतीत अडकेपर्यंत वाचून झालं आणि त्यांनी मान वर केली. समोर पहिल्या रांगेत शेवंती. दोन्ही मुठी गालाला लावलेल्या, डोळे बाईंच्या ओठांवर. बाईंनी पान उलटलं, आणि पानावर नसलेलं वाचायला सुरुवात केली. मुलगा वेळेवर पोचला. आईने औषध घेतलं. तिने डोळे उघडले. मुलाने भात केला, दोन थाळ्या काढल्या, दोघं जेवली. संपली गोष्ट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेवंती हसत बाहेर पळाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिचा मामा मोटरसायकल घेऊन वसतिगृहावर आला. बहिणीने मुलीला बघायला बोलावलं होतं. शेवंती जायला तयार होईना. दवाखान्यात नाही, घरी चल म्हणाली. मामाला वाटलं, पोर दवाखान्याला घाबरली असेल, त्याने पाड्यावर नेऊन सोडली. तिने घर झाडलं, चूल पेटवली, भात टाकला. आई सोमवारी सकाळी दवाखान्यातच वारली.

मंगळवारी मामा सांगायला आला तेव्हा मी आणि बाई व्हरांड्यात उभे होतो. तो बिचारा साधा माणूस. त्याच्या मनात कुणाला बोल लावायचं नव्हतं. नुसतं घडलं ते, पोर काय म्हणाली ते सांगत होता. "सांगं, गोष्टीतली आयस उठली, माझी पन उठल. मंग दवाखान्यात कशाला? मी भात करून ठेवतां." आणि म्हणाला, बहिणीने रविवारी संध्याकाळपर्यंत दारावरची नजर काढली नव्हती.

मामा गेला. बाई व्हरांड्यातून उतरल्या, शाळेमागे गेल्या, आणि मला ओकारीचा आवाज आला. मी तांब्याभर पाणी घेऊन गेलो. त्यांनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं, आणि तशाच मला स्टाफरूममध्ये घेऊन गेल्या. पुस्तक उघडून शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. मी वाचलं. मग त्यांनी सांगितलं, शनिवारी आपण काय वाचलं ते.

मी म्हटलं, बाई, तुम्ही दयेपोटी केलंत. कुणीही केलं असतं.

"दया कसली? मला तिचं रडणं बघायचं नव्हतं. सोय माझी बघितली मी. चिकू भरवला पोरीला, आणि तिची आई दाराकडे बघत गेली." त्या स्वतःच्याच हाताकडे बघत होत्या, घाण लागल्यावर बघतात तशा.

पुस्तक त्यांनी माझ्या ताब्यात दिलं. गणिताच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, लाकडी कंपास आणि मोठ्या गुण्यांच्या मागे ठेवायला सांगितलं. शेवंतीला स्वतःहून नीट वाचता येईल त्या दिवशी मागेन, म्हणाल्या. मला वाटलं, विसरतील. माणसं अशा गोष्टी विसरायलाच तर कपाटात ठेवतात.

पण पुढच्या शनिवारी वर्गात नवीनच प्रकार सुरू झाला. बाई वाचायला बसल्या आणि त्यांनी सातवीतल्या एका मुलीला उठवून आपल्या खांद्याशी उभं केलं. तिचं बोट ओळीवर. मी वाचते त्याच्यावर लक्ष ठेव, एक शब्द गाळला की बदलला तर खांद्यावर चापट मार, सगळ्यांसमोर. पोरं हबकली. बाईंना चापट? पण बाई मुद्दाम एखादा शब्द गाळायच्या आणि चापट खायच्या, तेव्हा खोलीत एकच हशा. याला पोरं 'पहारा' म्हणायला लागली. पहारा करायला मिळावा म्हणून पाचवीची पोरं, ज्यांना ओळ लागत नव्हती, ती संध्याकाळी वसतिगृहाच्या पायरीवर बसून अक्षरं जुळवायला लागली. वर्षाअखेर अर्धा वर्ग पहाऱ्याला लायक झाला. शेवंती सगळ्यांत आधी.

साहजिकच ही बातमी वर गेली. बोध न मिळालेले साहेब बदलून गेले होते, नवीन आले. त्यांनी पहाऱ्याला 'नावीन्यपूर्ण उपक्रम' ठरवलं. तालुक्याला सभा, बाईंना प्रमाणपत्र, शाल, श्रीफळ, आणि हाइट म्हणजे टोपलीभर चिकू. साहेबांनी माइकवर विचारलं, मॅडम, ही अभिनव कल्पना तुम्हाला कशी सुचली? बाई म्हणाल्या, "मी चोरी केली होती. म्हणून पहारा बसवला." सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, बघा, किती हा विनय! मी पहिल्या रांगेत होतो. मला त्या टाळ्यांचा इतका तिटकारा आला की मी उठून बाहेर गेलो. परत येताना बाईंनी चिकूची टोपली झरीच्या नाक्यावर रिक्षावाल्याला दिली आणि प्रमाणपत्राची गुंडाळी माझ्या पिशवीत खुपसली. ते अजून माझ्याकडे आहे. स्मरणिकावाल्यांना त्याचाच फोटो हवाय.

ओळीवर बोट ठेवणं वेगळं आणि अख्खी गोष्ट एकटीने वाचणं वेगळं; तिथवर येईतो शेवंती सातवीत गेली. एका दुपारी बाई गणिताच्या खोलीत आल्या आणि हात पुढे केला. मी कपाट उघडलं. पण खरं सांगायचं तर मी त्यांना अडवलं. म्हटलं, दोन वर्षं झाली, पोरगी हसायला-खेळायला लागलीय, आता खपली कशाला काढता? तिला आठवणारही नाही. बाई म्हणाल्या, त्या दिवशी माझ्या हातून जे झालं तेच तुम्ही आता करायला सांगताय. आणि शेवंतीला तिथेच बोलावून पुस्तक दिलं. वाच म्हणाल्या, तुझ्यासमोर मी वाचली होती ती गोष्ट, शेवटपर्यंत.

पोरगी व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली. आम्ही दोघं खोलीत. बाईंनी चिंचही तोंडात घातली नाही. बऱ्याच वेळाने शेवंती दारात आली. आमच्याकडची पोरं घरच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना 'तू'च म्हणतात, शाळेत आल्यावर 'तुम्ही' शिकतात. शेवंती कधीच शिकली होती. पण त्या दिवशी ती म्हणाली, "बाई, तू खोटा वाचलास."

"हो," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"मी घाबरले."

शेवंती उभी राहिली. मला वाटलं आता रडेल, पुस्तक फेकेल, काय करेल कोण जाणे. ती पुस्तक उघडून परत ते पान बघत होती. मग म्हणाली, आई गेल्यावर दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी पण दोन थाळ्या काढलेल्या. मामीने बघितलं तर हसेल म्हणून पटकन एक आत ढकलली. कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं मीच येडी. एवढं बोलून तिने विचारलं, ज्याने हे लिहिलं त्याला कसं ठाऊक?

शेवंती पुस्तक घेऊन गेली. तिने ते परत केलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही. आणि हो, तिने बाईंना माफबिफ केलं असं कुणी समजू नये. वर्षभर ती बाईंशी कामापुरतंच बोलली. शनिवारी पहाऱ्याला उभी राहायची तेव्हा तिची चापट इतरांपेक्षा जोरात पडायची. बाई ती खायच्या.

माणसं का वाचतात यावर आमच्याकडे दर वर्षी भाषणं होतात. पुस्तकं म्हणजे मित्र, पुस्तकं म्हणजे दिवा, पुस्तकं म्हणजे अमुक आणि ढमुक. बोलणाऱ्यांपैकी एकाने तरी गेल्या वर्षभरात एखादं पुस्तक उघडलं असेल तर मी माझी मिशी काढीन. मला त्या दोन थाळ्यांपलीकडे काही सांगता येत नाही, आणि भाषणात त्या कुणाला चालत नाहीत.

बाई निवृत्त झाल्या, बोर्डीला घरी राहिल्या. यजमान आधीच गेले होते, मुलगा परदेशात. जन्मभर चिकू न खाल्लेल्या बाईंना साखर झाली, आणि साखरेने डोळे खाल्ले. वाडीतल्या चिकूंनी सूड उगवला, असं त्या म्हणायच्या. मग मूत्रपिंडं गेली. शेवंती तोवर नर्सिंग करून डहाणूला एका दवाखान्यात लागली होती. दर रविवारी बस पकडून बोर्डीला यायची आणि बाईंना वाचून दाखवायची. केव्हापासून आणि कसं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बाई एका बुधवारी गेल्या, आणि मुलगा गुरुवारी पोचला. हे आत्ताच सांगून टाकतो. शेवटासाठी राखून ठेवलं असतं तर बाई म्हणाल्या असत्या, चिकू आहे.

मी त्याआधीच्या रविवारी गेलो होतो. बाईंनी आवाजावरून ओळखलं, काय आणलंत विचारलं. चिंच, म्हटलं. मग बसा, म्हणाल्या. हाडांवर नुसती कातडी राहिली होती, पण उशीला टेकून ताठ बसल्या होत्या. चौथ्यांदा मला सांगितलं, की मुलगा गुरुवारी येतोय, तिकीट झालंय. शेवंतीने माझ्याकडे बघितलं नाही. गुरुवार किती लांब आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तिने पिशवीतून पुस्तक काढलं. वाचनालयातून आणलेलं, तिनेही अजून न वाचलेलं. बाई म्हणाल्या, आज सर आहेत, त्यांना पहाऱ्याला उभं कर. मी उठून शेवंतीच्या खांद्याशी उभा राहिलो, या वयात. गोष्ट एका म्हाताऱ्याची. मुलगा बोटीवर, येतोय असं पत्र आलेलं. म्हातारा रोज धक्क्यावर जाऊन बसतो. ती वाचत होती आणि मी, गणितवाला, उत्तर आधी बघायची खोड, माझी नजर पुढच्या पानावर गेली. मुलगा बोटीतून उतरतो. समोरून गावातली माणसं स्मशानातून परत येत असतात. एक जण पुढे होतो आणि त्याच्या हातातली पिशवी घेतो.

शेवंतीने पान उलटलं तसा मी माझा तळहात त्या ओळींवर ठेवला, आणि मान हलवून तिला खूण केली. बदल. काहीही वाच. पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

ती थांबली. तिने वर माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी किळस होती ती मी एकोणीस वर्षं दुसऱ्या एका चेहऱ्यावर पाहिली होती. नर्स पेशंटचा हात उचलते तसा तिने माझा हात मनगटाला धरून पानावरून उचलला आणि बाजूला ठेवला. मग वाचलं. स्मशानातली माणसं वाचली, पिशवी वाचली. आवाज एकदाही हलला नाही.

बाई न दिसणारे डोळे खिडकीकडे लावून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "मधे का थांबलीस?"

"सरांनी पानावर हात ठेवला होता," शेवंती म्हणाली.

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "शी," त्या म्हणाल्या, अगदी हळू. ती तिसरी. मग शेवंतीचा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, शेवटचं पान परत वाच.

ती परत वाचायला लागली. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्या खांद्याशी उभा राहिलो.